फासेबुवा

"उद्या पाऊस पडेल का हो?" असं फासेबुवांना विचारायची वेळ कुणावर येऊ नये. बुवा आकाशाकडे बघत नाहीत, आपल्याकडे बघतात. "पडेल का, असं नसतं विचारायचं. किती टक्के, असं विचारा." आपण निमूटपणे टक्के विचारावेत, तर म्हणतात, "कुठं? कोथरूडला की स्वारगेटला?" तोवर आपण छत्री घेऊन निघालेलं बरं.

बुवा भजन करत नाहीत आणि कीर्तनही करत नाहीत. सोमवार ते शुक्रवार ते एका विमा कंपनीत बसून अमुक वयाची माणसं आणखी किती वर्षं टिकतील याचे तक्ते करतात. ‘फासेबुवा’ ही पदवी त्यांना रविवारच्या मंडळींनी दिली, आणि ती त्यांनी मानधन नसतानाही स्वीकारली.

ही मंडळी म्हणजे आम्ही पाच जण. आमच्यातल्या एका दंतवैद्याचा सदाशिव पेठेत दवाखाना आहे. रविवारी दुपारी, पेशंटनी बसून घाबरायच्या खोलीत, हिरड्यांच्या रंगीत चित्राखाली दोन टीपॉय जोडून आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डीएनडी, खेळतो. गोष्टीत गुहा लागली, डोंगर लागला, की डॉक्टर कपाटातून प्लॅस्टरचे जबडे काढतात. खालचा जबडा पालथा घातला की टेकडी होते. वरचा उताणा ठेवला की किल्ला, आणि पेशंटला अक्कलदाढा असतील तर बुरुजासकट.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे हे काम डॉक्टरांचं, कारण समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे. बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात. पट असला तर असतो, नसला तरी अडत नाही. शेवटी कुणी जिंकत नाही. "समोर दरी आहे, काय करता?" असं डॉक्टरांनी विचारलं की आपण म्हणायचं, "उडी मारतो." उडी साधेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राची कुवत, म्हणजे मॉडिफायर, मिळवायची. बेरीज डीएमनं ठरवलेल्या आकड्याला पुरली तर पलीकडे, नाही पुरली तर दरीत.

म्हणजे खेळात दोन ऐवज आले. एक पात्र आणि दुसरा फासा. कुणाचं वजन किती, यावरून जगभरच्या खेळणाऱ्यांत दोन तट पडलेत, आणि त्यातला एक अख्खा तट आमच्या टीपॉयच्या डाव्या बाजूला एकटाच बसतो.

बुवांचे फासे त्यांच्या आजीच्या सुपारीच्या बटव्यात असतात. बटव्याला कप्पे आहेत. चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे मोठ्या कप्प्यात एकत्र. दहा बाजूंचा मात्र चुन्याच्या डबीच्या जागी एकटा. का, तर भूमितीत सगळ्या बाजू आणि सगळे कोपरे सारखे असलेले घनाकार पाचच, प्लेटोच्या नावानं ओळखले जाणारे, आणि दहा बाजूंचा त्यांत बसत नाही. "चालतो," बुवा म्हणतात, "पण पंगतीत नको."

नवा फासा घरात आला की त्याची परीक्षा होते. काचेच्या ग्लासात पाणी, पाण्यात फासा तरंगेपर्यंत मीठ. मग बुवा चमच्यानं तो पुन्हापुन्हा ढकलतात आणि कोणता आकडा वर येतो ते वहीत टिपतात. तोच तोच आकडा वर येऊ लागला की फाशाच्या पोटात कुठंतरी हवेचा बुडबुडा आहे, तो एका बाजूला जड आहे, असं सिद्ध होतं आणि फासा बाद. ही परीक्षा बुवांनी शोधलेली नाही, तिकडे अमेरिकेतही लोक करतात. तिथं मात्र ग्लासातल्या मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला येणारी आई नसते.

एवढा शास्त्रीय माणूस, पण त्यांच्या फाशाला आपण हात लावायचा नाही. एकदा डॉक्टरांच्या कंपाउंडरनं चहा ठेवताना वीस बाजूंचा नुसता बाजूला सरकवला, तर बुवांनी तो आठवडाभर सोवळ्यात बसवून ठेवला, खेळात घेतला नाही. शिवाय न खेळताना प्रत्येक फाशाचा सर्वांत मोठा आकडा वर असलाच पाहिजे. ही अंधश्रद्धा नव्हे काय, असं मी विचारलं. "अंधश्रद्धा कसली?" बुवा म्हणाले. "व्हेरिएबल कमी ठेवतोय."

बुवांच्या आईंच्या लेखी हे सगळं द्यूत. शकुनीचे धंदे. बुवांना ही तुलना मान्य नाही, पण नकाराचं कारण निराळं आहे. त्यांच्या मते सभापर्वात धर्मराजाची चूक खेळण्यात नव्हतीच. "एक तर दुर्योधनाच्या जागी मामा खेळणार, हे त्यानं मान्य केलं. तिथंच उठायला हवं होतं. आणि दुसरं, फासे आधी मिठाच्या पाण्यात सोडायला हवे होते." महाभारतातला बुवांचा आवडता राजा कृष्णाच्या गोतावळ्यातला नाही. तो नलोपाख्यानातला ऋतुपर्ण. धावत्या रथातून एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्यानं पानं किती, फळं किती, ते सांगितलं. नळानं रथ थांबवून, झाड पाडून मोजून पाहिलं, तर हिशेब बरोबर. याच ऋतुपर्णानं नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या दिली आणि नळाच्या अंगातला कली बाहेर पडला. ही गोष्ट सांगताना बुवांचा स्वर कातर होतो. "पुढं तीच विद्या बृहदश्व ऋषींनी धर्मराजालाही दिली," ते म्हणतात, "पण वनवासात. क्लास उशिरा लावला."

दुसरा तट म्हणजे ताई. ताई कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला उभ्या राहिलेल्या, पुढं प्रायोगिक नाटकं केलेल्या, आणि आता भूमिका मिळायच्या वयातून आईच्या भूमिका मिळायच्या वयात ढकलल्या गेल्याबद्दल रंगभूमीवर रुसलेल्या. त्या आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच रविवारी त्यांनी आपल्या पात्राचं पूर्वचरित्र चौदा पानांचं लिहून आणलं. पात्राचं नाव उल्का. बापानं तिला लोखंडाच्या खाणीत विकलेलं, त्यामुळे लोखंडाचा वास आला की तिचा श्वास कोंडतो, म्हणून ती लाकडी सोटा घेऊन लढते. वाचून दाखवताना ताईंचा आवाज भरून आला. आमच्यातल्या कॉलेजकुमार ज्युनियरचे डोळे पाणावले. मीसुद्धा चष्मा पुसला.

बुवांनी चौदाही पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "सोट्याचं डॅमेज किती?"

आता बुवांचं पात्र. ते बार्ड आहे, म्हणजे गाऊन-बोलून जग जिंकणारा शाहीर. त्याचं नाव बार्ड-३. पूर्वचरित्र असं की बार्ड-१ खड्ड्यात पडून गेला, आणि बार्ड-२ ला एका पारदर्शक चौकोनी लगद्यानं गिळलं. हा लगदा डीएनडीतलं एक जुनं आणि मानाचं श्वापद आहे. बार्ड-३ चं गाव कोणतं, आईवडील कोण, कुणाच्या प्रेमात वगैरे पडला होता का, यांतल्या एकाही प्रश्नाला उत्तर नाही. कॅरेक्टर शीटवर पात्राच्या स्वभावासाठी एक चौकोन असतो, त्यात बुवांनी अधिकचे आकडे मांडलेले असतात. पण शीट मात्र बघण्यासारखं! करिश्मा वीस. लोकांना पटवायला अधिक नऊ. गायन-वादनाला अधिक नऊ. टोकदार शिसपेन्सिलीनं, रेघेवर, खाडाखोड नाही.

तर पहिला मोठा खटका वेशीवरच्या पहारेकऱ्यापाशी उडाला. रात्र झालेली, वेस बंद, मागं लांडगे. ताई उठून उभ्या राहिल्या. म्हणजे खरोखर, खुर्चीवरून. आणि त्या पहारेकऱ्याशी बोलू लागल्या. तुलाही लेक असेल, तीही कधी अशी बंद दारापाशी उभी राहील, त्या वेळी आत कुणीतरी तुझ्यासारखाच असेल… मी सगळं सांगत नाही, मला ते तसं जमणार नाही. खालून जाणारा एक माणूस जिन्यात थबकला होता एवढं सांगतो. ताई थांबल्या. डॉक्टर क्षणभर गप्प होते. मग म्हणाले, "वा! रोल करा."

"आता कशाला रोल?" ताई म्हणाल्या.

"पटवायचंय ना? परस्वेजन."

"अहो, मी आत्ता पटवलं की! तुमच्या डोळ्यांत पाणी आहे डॉक्टर."

"डोळे डॉक्टरांचे आहेत," बुवा मध्ये पडले. "पहारेकऱ्याचे काय, ते फासा सांगेल."

ताईंनी फासा टाकला. दोन पडले. उल्काचा करिश्मा आठ, म्हणजे त्यातून एक वजा. एकूण एक. वेस बंदच.

बुवांनी बटव्यातून वीस बाजूंचा काढला. बसल्या जागेवरून, चहाचा कप डाव्या हातात तसाच ठेवून म्हणाले, "मी त्याला पटवतो." चौदा पडले. अधिक नऊ, तेवीस. वेस उघडली.

मग जे झालं ते लांडग्यांनीही बाहेर उभं राहून ऐकलं असेल. ताईंचं म्हणणं, की मी इतकं बोलले त्याला काही किंमतच नाही का? आणि हे काय बोलले? एक अक्षर तरी बोलले का? बुवांचं म्हणणं नेहमीप्रमाणे नियमात बसवलेलं होतं. "ताई, उल्का सोटा फिरवते तेव्हा तुम्हाला उठून सोटा फिरवून दाखवायला सांगतात का? दरीवरून उडी मारते तेव्हा तुम्ही या टीपॉयवरून उडी मारता का? नाही ना? मग बार्ड बोलतो तेव्हा मी का बोलायचं? तुम्ही शीटवर करिश्मा आठ लिहिलात आणि ते गुण ताकदीत घातलेत. आणि बोलायच्या वेळी स्वतःची जीभ फुकट आणलीत. ही करचुकवेगिरी आहे."

खरं सांगायचं तर या युक्तिवादाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. ताईंकडेही नव्हतं, पण त्या नटी असल्यामुळे तसं दिसलं नाही.

हे भांडण काही सदाशिव पेठेत जन्मलेलं नाही. डॉक्टरांनी त्या दिवशी दोघांना गार करण्यासाठी इतिहास काढला, आणि तो ऐकण्याजोगा आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या लेफ्टनंटनं अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ आणला. फासे, कोष्टकं आणि मध्ये एक पंच. गोळीबार झाला की फासा टाकायचा, कोष्टकात बघायचं, इतके सैनिक गारद. पुढं कोष्टकं इतकी माजली की लढाईपेक्षा बेरजांना वेळ लागू लागला. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्यानं सांगून टाकलं की फासे नकोत, कोष्टकं नकोत. अनुभवी पंच बघेल आणि काय झालं ते सांगेल. ताईंनी टाळी वाजवली.

बुवांनी चहा खाली ठेवला. "अनुभवी पंच सांगेल म्हणजे काय, माहितीये? पंचाचा जावई जिंकेल."

डॉक्टर पुढं म्हणाले की आपला खेळ ज्या प्रयोगातून निघाला, तिथंही फासे बाजूलाच राहिले होते. १९६९ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसानं नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक जर्मन गावाचा डाव मांडला. सैन्यं बाजूलाच राहिली. कुणी गावचा महापौर, कुणी बँकर, कुणी विद्यार्थ्यांचा पुढारी. खेळणारे वेस्लीला न विचारता आपापसांत कोपऱ्यात जाऊन कारस्थानं करू लागले. डाव फसला असं वेस्लीला वाटलं, आणि खेळणाऱ्यांनी विचारलं, पुन्हा कधी? त्या खेळणाऱ्यांतल्याच डेव्ह आर्नसननं पुढं विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं. पहिल्या एक हजार प्रती, तीन पुस्तिका एका खोक्यात.

"बघा," ताई म्हणाल्या, "सुरुवात पात्रांचीच."

पण १९७४ हा बुवांचा प्रांत. गायगॅक्सनं वीस बाजूंचे फासे शाळांना साहित्य विकणाऱ्यांच्या कॅटलॉगमधून मागवले होते, इथपासून त्यांनी सुरू केलं. ते फासे इतके मऊ होते की वापरून वापरून त्यांचे कोपरे झिजत आणि ते गोट्यांच्या वाटेला लागत. पुढंही कित्येक संचांतल्या फाशांचे आकडे कोरलेले असत पण रंगवलेले नसत, सोबत एक मेणखडू येई, घासून आपले आपण भरायचे. १९७९ च्या सुमारास तर फाशांचाच तुटवडा पडला, तेव्हा कंपनीनं खोक्यात आकड्यांचे कागद घातले. कापून चिठ्ठ्या करा, पेल्यात टाका, काढा. "चिठ्ठ्या काढल्या," बुवा बोट उंचावून म्हणाले, "पण ‘या वेळी तुमचं तुम्ही ठरवा’ असं म्हणाले का?" ज्युनियरनं सांगितलं की वीस बाजूंचे फासे इजिप्तमध्ये टॉलेमी राजांच्या काळातलेही सापडलेत, न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आहेत. बुवांनी क्षणभर विचार केला. "असतील. पण त्यांना मॉडिफायर कुठं होता?"

ताई हार मानणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी पुढच्या काही रविवारी बुवांच्या उद्धारासाठी नवनवे खेळ आणले. १९९१ मध्ये एरिक वुजिकनं ‘अँबर’ हा फासाच नसलेला खेळ काढला होता. त्यात गुण लिलावात बोली लावून मिळतात, आणि पुढं ज्याचा गुण वरचढ तो सरस. बुवांनी लिलावात कसाबसा भाग घेतला, पण लढाईच्या वेळी त्यांचा उजवा हात टेबलावर इकडेतिकडे चाचपत राहिला. मग ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’ आणला, २०१० चा, व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांचा. त्यात सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज दहा किंवा वर गेली की काम फत्ते, सात ते नऊ आले की काम होतं पण काहीतरी किंमत मोजून, सहा किंवा खाली की डीएमच्या हाती आपली मान. ताईंना वाटलं, हा मधला मार्ग, यात गोष्ट पुढं सरकतेच. बुवांनाही तो आवडला, पण वेगळ्याच कारणानं. "काही मिळवलं-वजा केलं नाही तर खालच्या भागाची शक्यता एक्केचाळीस पूर्णांक सदुसष्ट टक्के, मधल्याचीही तेवढीच. काय तोल साधलाय माणसानं!" दुपारभर ते तोलच बघत राहिले. त्यांच्या पात्राचा हात तुटला होता, ते डॉक्टरांनी दोनदा आठवण करून दिल्यावर कळलं.

सर्वांत फजिती ‘ड्रेड’ची झाली. हा भुताखेतांचा खेळ. फासा नाही, त्याऐवजी लाकडी ठोकळ्यांचा जेंगाचा मनोरा. काही अवघड करायचं असेल तर मनोऱ्यातला एक ठोकळा काढून वर ठेवायचा. मनोरा पडला की तुमचं पात्र गेलं. खोलीत दिवे मंद केलेले, ताई कुजबुजत्या आवाजात बोलतायत, ज्युनियरचा हात थरथरतोय, आणि बुवा गुडघ्यांवर बसून, एक डोळा मिटून मनोऱ्याचा गुरुत्वमध्य काढतायत. त्यांनी लागोपाठ ठोकळे काढले, एकही पडला नाही. भूत बिचारं तळघरात बसून राहिलं.

आता ज्युनियरबद्दल सांगायलाच हवं. हा इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बोलताना अडखळतो. पहिल्या अक्षरावर गाडी अडते, मान एका बाजूला जाते, आणि समोरचा माणूस सौजन्यानं दुसरीकडे बघू लागतो, त्यामुळे आणखी अडते. तोंडी परीक्षेत त्याला उत्तर येत असतं आणि परीक्षकाला वेळ नसतो. या मुलानं डीएनडीत कोणतं पात्र घ्यावं? जिभेवर साखर घोळवत राजालाही टोपी घालणारा, खोटं बोलण्यात अधिक सात असलेला एक भामटा. पहिल्या दिवशी तो कसाबसा म्हणाला, "मी त… त… त्याला सांगतो, की मी सरदाराचा पुतण्या आहे," आणि फासा टाकला. अठरा. डॉक्टरांच्या कोतवालानं कमरेत वाकून त्याला पालखी मागवली. ज्युनियर हसला, ते हसू अजून मला दिसतं. ताईंच्या पद्धतीनं खेळलो असतो तर त्याला ते भाषण करून दाखवावं लागलं असतं, आणि तो दुसऱ्या रविवारी आला नसता.

हे बुवांनी कधी बोलून दाखवलं नाही. ते फक्त ताईंना म्हणाले होते, "नियम सगळ्यांना एक," आणि ज्युनियरकडे बघितलंही नाही. पण ज्युनियरचा नंबर आला आणि कुणी "नक्की काय बोलतोस रे?" म्हणू लागलं, की बुवा हटकून आधी विचारतात, "डीसी किती?" म्हणजे किती आकडा गाठायचा, आणि प्रश्न तिथंच मिटतो. मला वाटतं, बुवांच्या फासाभक्तीचं मूळ इथंच कुठंतरी असावं. कचेरीत त्यांच्या मागून आलेली तीन माणसं त्यांच्या पुढं गेली. तिघंही स्लाइड्स छान दाखवतात. अप्रेझलच्या मीटिंगला मॉडिफायर नसतो, आणि साहेबांचा मूड मिठाच्या पाण्यात सोडून बघता येत नाही.

अर्थात यामुळे बुवा सुसह्य होतात असं नाही. नॅचरल वीस, म्हणजे थेट फाशावरच वीस, पडले की टेबल ओरडतं, आणि त्याच आरड्याओरड्यात बुवा सांगतात की २०१४ च्या नियमांप्रमाणे नॅचरल वीसला आपोआप यश फक्त हल्ल्यात मिळतं, कौशल्याला नाही. नवं पात्र करताना चार फासे टाकून सर्वांत लहान सोडायचा असतो. कुणाला अठरा पडले तर अभिनंदनाच्या जागी ते म्हणतात, "शक्यता एक पूर्णांक बासष्ट टक्के होती. पुन्हा अपेक्षा ठेवू नका." आईंनी मुली दाखवायला सुरुवात केली, तेव्हा एकीला त्यांनी लग्न टिकण्याची शक्यता वयोगटाप्रमाणे सांगितली होती असं ऐकतो. तिनं नकार दिला. बुवांनी तो वहीत टिपला.

वही हे प्रकरण पुढं स्फोटक ठरलं. डीएमच्या पुढ्यात एक पुठ्ठ्याचा आडोसा असतो, त्यामागं तो आपले फासे टाकतो, आकडा कुणाला दिसत नाही. एका रविवारी बुवा लॅपटॉप घेऊन आले. कित्येक महिन्यांच्या खेळातलं, राक्षसांनी कुणाला किती डॅमेज दिलं ते सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं, आणि त्यावर काय-स्क्वेअर चाचणी लावली होती. निष्कर्ष: उल्काचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात उरलेला जीव, दहाच्या खाली गेले की राक्षसांचे फासे मऊ होतात. हा योगायोग असण्याची शक्यता हजारात एकाहून कमी. "डॉक्टर," बुवा म्हणाले, "तुम्ही आडोशामागं खोटं बोलता."

डॉक्टरांनी एक प्लॅस्टरची दाढ हातात फिरवली. "अहो बुवा, मी पेशंटला सुई टोचताना सांगतो का, की दुखणार आहे? म्हणतो, मुंगी चावेल."

"आणि दुखतंच!" बुवा ओरडले. त्यांची दोन रूट कॅनाल डॉक्टरांकडेच झाली होती.

ताई गप्प होत्या. आपली उल्का इतके दिवस कुणाच्या तरी दयेवर जगली, हे त्यांना लागलं असावं. त्यांनीच मग शांतपणे सांगितलं, "आडोसा काढा." त्या दिवसापासून डॉक्टर सगळ्यांसमोर फासे टाकतात. बुवांच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा विजय, आणि बार्ड-३ च्या आयुष्यातला सर्वांत मोठा अपघात.

कारण पुढच्याच रविवारी ड्रॅगन आला. वरचा आणि खालचा जबडा एकत्र, पेशंट बहुधा पैलवान असावा. उल्का आणि ज्युनियरचा भामटा दरीच्या अलीकडे अडकले, बार्ड-३ एकटा पलीकडे. डॉक्टरांनी सर्वांदेखत फासा टाकला, नॅचरल वीस. दुप्पट फासे, सगळे उघड्यावर. बार्ड-३ शून्यावर. मग बुवांची पाळी, जगण्या-मरण्याच्या फाशांची. दहा किंवा वर आलं की एक पाऊल जगण्याकडे, खाली आलं की एक मरणाकडे, तिकडची तीन झाली की संपलं. "मरायची शक्यता चाळीस पूर्णांक पाच," बुवांनी जाहीर केलं. पहिला सात. दुसरा बारा. तिसरा टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत गेला आणि ज्युनियरच्या पुढ्यात थांबला. एक. एकची दोन पावलं मोजतात.

डॉक्टर हळूच म्हणाले, "मला इथून नीट दिसत नाहीये हं."

"एक आहे," बुवा म्हणाले. त्यांनी नवं शीट काढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि वर लिहिलं, बार्ड-४.

"थांबा," ताई म्हणाल्या. "असा कसा मेला? शेवटचं काही बोलेल की नाही तो?"

"शून्य हिट पॉइंटला माणूस बेशुद्ध असतो. बोलत नाही."

"बालगंधर्वला मरताना सगळे बोलतात," डॉक्टर म्हणाले. "मी परवानगी देतो. एक वाक्य."

उल्का दरीच्या काठाशी येऊन बसली होती, म्हणजे ताई खुर्ची पुढं ओढून बुवांच्या समोर आल्या होत्या. ज्युनियरनं फासा उचलला नव्हता, पण बोटानं बुवांकडे सरकवला होता, आणि बुवा त्याला काही बोलले नाहीत. बुवांनी तोंड उघडलं. मिटलं. चष्मा काढला, परत घातला. बार्ड-३ च्या शीटवरून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, जणू त्यात कुठंतरी ते वाक्य आपण आधीच लिहून ठेवलं असेल. मग पुन्हा तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. शेवटी त्यांनी तोच फासा मुठीत घेतला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हलवला आणि टाकला.

एकोणीस.

बुवांनी गायन-वादनाचे नऊ मिळवले. "बोलला," ते म्हणाले.

"काय बोलला?" ताईंनी विचारलं.

"अठ्ठावीस."